खांदेरीची वाट

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की समोर समुद्रात दोन काळसर ठिपके दिसतात. अलीकडचे उंदेरी आणि त्याच्या पलीकडचे खांदेरी. थळच्या मुलांना ही बेटे अंगणातल्या झाडांइतकी परिचयाची असतात. मला मात्र चाळिशी उलटेपर्यंत ती केवळ पुस्तकातूनच ठाऊक होती. वर्गात इतिहास शिकविताना खांदेरीची लढाई मी मोठ्या आवेशाने सांगत असे. 1679 साल, इंग्रजांची उंच जहाजे, मराठ्यांच्या चिमुकल्या होड्या आणि अखेर आपला विजय! गोष्ट सांगून झाली, की मुले टाळ्या वाजवीत आणि मीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेई.

एकदा सुट्टीत माझा बारा वर्षांचा भाचा घरी आला होता. त्यालाही मी ही गोष्ट ऐकविली. त्याने टाळ्या वाजविल्या नाहीत. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "पण मामा, मोठ्या जहाजांपुढे लहान होड्या टिकल्या कशा?"

"शौर्याने," मी म्हणालो.

"शूर माणसे इंग्रजांकडेही असतीलच की!"

यावर मला उत्तर सुचले नाही. इतकी वर्षे मी जी गोष्ट सांगत आलो, तिच्यातला मुख्य दुवाच मला ठाऊक नव्हता, हे त्या पोराने सहज दाखवून दिले. मला थोडा राग आला, हेही कबूल केले पाहिजे. त्याच आठवड्यात आम्ही दोघे थळला गेलो.

एका वृद्ध नाखवाने आम्हांला बेटावर नेण्याचे कबूल केले. त्याची होडी लहानशी होती. तिला यंत्र बसविलेले होते, तरी दोन लांब वल्ही तिच्या कडेला बांधून ठेवलेली होती. बरोबर नाखवाचा मुलगा होता. किनारा मागे पडला, नारळी-पोफळींची हिरवी रेघ बारीक होत गेली आणि उंदेरीचा काळा तट जवळ येऊ लागला. पाणी आरशासारखे शांत होते. वाऱ्याची झुळूकही नव्हती.

उंदेरीच्या जवळपास आलो आणि यंत्र दोनदा खोकल्यासारखे करून बंद पडले.

प्रथम आम्हांला त्याचे काहीच वाटले नाही. नाखवाने दोरी ओढली, पुन्हा ओढली, झाकण काढून आत पाहिले. तेवढ्यात माझ्या ध्यानात आले, की होडी थांबलेली नाही. यंत्र बंद होते, वारा नव्हता, तरीही उंदेरीच्या पायथ्याचे खडक हळूहळू आमच्याकडे सरकत होते. ओहोटीचे पाणी आम्हांला ओढून नेत होते. त्या खडकांवर पांढरट कालवांचे थर होते आणि लाट मागे सरली, की त्यांच्या धारदार कडा उघड्या पडत. भाच्याने माझा हात घट्ट धरला. माझाही हात थरथरत होता, हे त्याला कळू नये म्हणून मी तो मांडीवर दाबून धरला.

"घाबरू नका, गुरुजी," नाखवा म्हणाला. "पाणी ओढतंय, पण आपल्याकडे हात आहेत."

बापलेकांनी वल्ही सोडली आणि पाण्यात टाकली. प्रवाहाशी सरळ झुंज न घेता त्यांनी होडीचे तोंड तिरपे केले. कितीतरी वेळ आम्ही जागच्या जागीच आहोत असे वाटत होते. मग खडक सरकायचे थांबले, थोडे मागे गेले, आणखी मागे गेले. घामाने निथळत नाखवाने मान वर केली आणि समोरच्या खुल्या पाण्याकडे हनुवटीने खूण केली.

"शिडाचं मोठं जहाज आज इथे असतं, तर काय केलं असतं त्याने? वारा नाही, तर चाल नाही. नांगर टाकून बसलं असतं. आणि तळ खोल, म्हणून या खडकांत शिरायची सोय नाही. आमची होडी गुडघाभर पाण्यातूनही निघते."

भाच्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याला माझ्याकडून नव्हे, तर त्या वल्ह्यांकडून मिळाले होते. पुढची सारी वाट वल्हवतच आम्ही खांदेरीला पोहोचलो.

खांदेरी हे लहानसे बेट आहे. दोन टेकड्या, त्यांच्यामधील सखल जागा आणि भोवती काळ्या दगडाचा तट. मुंबई येथून उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर आहे. म्हणूनच या खडकाला एवढे महत्त्व आले. मुंबईच्या बंदरात येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवर येथून नजर ठेवता येई. मुंबई इंग्रजांच्या हाती आणि जंजिरा सिद्दीच्या हाती असताना, त्या दोघांच्या मध्ये आपले ठाणे असावे असे शिवाजी महाराजांना वाटले. 1679 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मायनाक भंडारी याला सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा देऊन या बेटावर धाडले. महिना कोणता, हे पाहण्यासारखे आहे. ऑगस्टात पावसाळा संपलेला नसतो, समुद्र खवळलेला असतो आणि मोठी जहाजे बंदराबाहेर पडण्यास कचरतात. अशा दिवसांत दगड, चुना, धान्य सारे होड्यांतून आणून त्या माणसांनी तट उभारावयास आरंभ केला. तटाला टेकून मी समुद्राकडे पाहिले. ज्या लाटांवर आमची भीतीने गाळण उडाली होती, त्या लाटा तर उघडिपीतल्या होत्या!

इंग्रजांनी बेट आमचे आहे असे सांगून काम थांबविण्यास फर्माविले. मायनाकाने मानले नाही. सप्टेंबरात इंग्रजांनी किनाऱ्यावर उतरण्याचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा एक अधिकारी मारला गेला. मग 18 ऑक्टोबरला पहाटे मराठ्यांच्या आरमाराचा दर्यासारंग दौलतखान लहान लहान गलबतांचा ताफा घेऊन इंग्रजांवर चालून गेला. इंग्रजांचे डव्ह नावाचे जहाज त्याने पकडले, त्यांची लहान जहाजे पळाली. वर्गात मी येथेच थांबत असे आणि टाळ्या घेत असे. परंतु त्या दिवसाची हकीगत येथे संपत नाही. रिव्हेंज नावाचे त्यांचे मोठे जहाज जागचे हलले नाही. त्याच्या तोफांपुढे दौलतखानाच्या गलबतांना माघार घेऊन नागोठण्याच्या खाडीत जावे लागले. उजेडात, मोकळ्या पाण्यात, भरल्या वाऱ्यात मोठे जहाज मोठेच असते.

मग बेट राहिले कसे? ते राहिले रात्रींमुळे. इंग्रजांची जहाजे बेटाला वेढा घालून उभी असत, आणि वारा पडला, की अंधारात थळकडून वल्हवत आलेल्या होड्या त्यांच्यामधून निसटून बेटाला लागत. त्यांतून धान्य येई, दारूगोळा येई, चुना येई. सकाळी इंग्रज पाहत, तो तट वीतभर वाढलेला. त्या होड्या हाकणाऱ्या खलाशांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ती थळचीच, नाखवाच्या कुळातलीच माणसे असावीत, असे मला त्या दिवशी वाटले. त्याला पुरावा मागू नये. अखेरीस 1680 च्या आरंभी इंग्रजांनी तह करून वेढा उठविला. त्याच सुमारास सिद्दीने उंदेरी बळकावून तिथे आपला कोट बांधला आणि समोरासमोरच्या दोन बेटांवरून एकमेकांवर तोफा डागल्या जाऊ लागल्या. महाराजांना खांदेरी फार दिवस पाहता आली नाही. 3 एप्रिल 1680 रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात, 1718 साली, इंग्रजांनी पुन्हा या बेटावर आरमार पाठविले आणि तेही हात हलवीत परतले. मात्र पेशवाई बुडाल्यावर 1818 साली बेट त्यांच्याकडे गेले. त्यांच्या राजवटीच्या खुणा आजही येथे आहेत. लोखंडी गाड्यांवर बसविलेल्या तोफा तटावर खाऱ्या वाऱ्याने गंजत उभ्या आहेत. तोंडे समुद्राकडे आहेत, पण आता तेथून कोणी शत्रू येत नाही. भाच्याने एका तोफेच्या तोंडात हात घालून पाहिला, तो आत पाखराच्या घरट्याच्या काड्या हाती लागल्या. त्याने त्या जशाच्या तशा आत सरकवून ठेविल्या.

धक्क्याजवळ वेताळाचे देऊळ आहे. कोळी लोक या देवाला फार मानतात. नाखवाने प्रथम तेथे जाऊन हात जोडले, मगच पाणी प्यायले. मग त्याने आम्हांला एक दगड दाखविला. दिसण्यात चारचौघांसारखाच, पण लहान खड्याने त्यावर ठोकले, की घंटेसारखा खणखणीत नाद निघतो. भाचा हरखून गेला. मीही दोनदा वाजवून पाहिला. तिसऱ्यांदा हात उचलला, तेव्हा दगडावरचे खळगे मला दिसले. माझ्यासारख्यांनीच ठोकून ठोकून ते पाडलेले होते. मी खडा खाली टाकला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरीही आहे. आता येथे पुष्कळ लोक येतील आणि प्रत्येकजण निदान दोनदा तरी वाजवील.

टेकडीवर इंग्रजांनी 1867 साली बांधलेले दीपगृह आहे. बेटाला आणि दीपगृहाला आज कान्होजींचेच नाव आहे. ज्यांनी आयुष्यभर इंग्रजांना या पाण्यात स्वस्थ बसू दिले नाही, त्यांच्या नावाने इंग्रजांनी बांधलेला दिवा जळावा, याची मला गंमत वाटली. मी ती बोलून दाखविली आणि आणखी पुढे जाऊन म्हणालो, "खरे पाहता परक्यांच्या खुणा आपण कशाला जपाव्यात?"

नाखवा बराच वेळ काही बोलला नाही. वल्ह्याला लागलेले शेवाळ तो बोटाने खरवडत होता. मग म्हणाला, "गुरुजी, माझा बाप एकदा वादळात सापडला होता. दोन दिवस घरी नाही. आई किनाऱ्यावर बसून. तिसऱ्या रात्री बाप आला. म्हणाला, पाऊस असा, की नाकासमोरचं दिसेना, पण मधूनमधून खांदेरीचा दिवा दिसायचा. तेवढ्यावर सुकाणू धरलं." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "कोणी बांधलं, ते बापाने त्या रात्री विचारलं नाही."

मी गप्प राहिलो. एका दिवसात दुसऱ्यांदा मला उत्तर सुचले नव्हते.

नाखवाच्या मुलाने एव्हाना यंत्र दुरुस्त केले होते. नळीत कचरा अडकला होता, एवढेच. परतीला निघालो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. उंदेरीजवळ येताच भाचा न सांगता उठला, वल्ह्यांच्या दोऱ्या सोडून ती हाताशी येतील अशी ठेवली आणि पुन्हा जागेवर बसला. नाखवाने ते पाहिले, पण तो काही बोलला नाही.

अंधार पडला आणि मागे खांदेरीवर दिवा लागला. अशा दीपगृहांत दिव्याभोवती काचेच्या कड्यांचे भिंग असते. सर्व बाजूंना विखुरणारा उजेड ते गोळा करते आणि एका पट्ट्यात दूरवर फेकते. म्हणून लहानसा दिवाही कित्येक कोसांवरून दिसतो. प्रत्येक दीपगृहाच्या उजेडाची लय निराळी ठेवलेली असते. ती लय मोजून खलाशी आपण कोठे आहोत हे ओळखतात. एवढे मी भाच्याला सांगितले, पण त्याचे लक्ष माझ्याकडे नव्हते. किनाऱ्याकडे पाठ करून, खांदेरीकडे तोंड करून तो बसला होता आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होता. उजेड आला, की थांबे. अंधार झाला, की पुन्हा एकपासून आरंभ करी. होडी वाळूला लागली तरी त्याचे मोजणे चाललेच होते.