माघारीची मुदत

उमेदवारी मागे घेण्याची मुदत ही निवडणुकीच्या कामकाजातील एक रुक्ष बाब, तिची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. परंतु ४ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेच्या निवडणुकीतील ती मुदत संपत असताना, जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथून मनोज जरांगे पाटील यांनी आपण एकही उमेदवार देणार नाही, आणि ज्यांनी अर्ज भरले असतील त्यांनी ते काढून घ्यावेत, असे जाहीर केले, तेव्हा त्या दिवसाला मराठा आरक्षणाच्या चळवळीच्या भवितव्याचे वजन प्राप्त झाले.

जरांगे मूळचे बीड जिल्ह्यातील मातोरीचे. अल्पभूधारक शेतकरी, पुढे अंबड तालुक्यात स्थायिक झालेले. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवालीत त्यांच्या उपोषणाच्या मांडवापाशी पोलिसांची लाठी चालली आणि तालुक्याबाहेर फारसे कोणास ठाऊक नसलेले ते गाव पंधरवड्यात राज्यकारभाराचे जणू दुसरे ठाणे बनले. मुख्यमंत्री तेथे आले, मंत्री मसुदे घेऊन खेपा घालू लागले, आणि निजामाच्या अमदानीतील जी महसुली दप्तरे मराठवाड्यातील कचेऱ्यांत वर्षानुवर्षे धूळ खात होती, त्यांतील उर्दू व मोडी कागदांतून, मराठ्यांना ओबीसी आरक्षण मिळवून देऊ शकतील अशा, कुणबी नोंदी हुडकण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे यांची समिती बसली. सत्तेचे कोणतेही पद नसलेल्या मनुष्याच्या शब्दाला एवढी मातब्बरी येते, तेव्हा त्याने विधानसभेची पायरी चढावी असे अनुयायांना वाटणे स्वाभाविकच होते. शिवाय २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जालन्यातून १९९९ पासून सलग निवडून येणारे रावसाहेब दानवे पराभूत झाले होते. (दानवे हेही सरपंचपदापासून केंद्रीय मंत्रिपदापर्यंत गेलेले शेतकरीच, हे त्या विजयोत्साहात कोणास आठवले नसावे.)

उपोषणकर्त्याला सरकारशी बोलावे लागते, उमेदवाराला शेजाऱ्याशी. अंतरवालीच्या शेजारीच वडीगोद्री आहे, आणि तेथे जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके व नवनाथ वाघमारे ओबीसींच्या आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून उपोषणास बसले होते. एकाच शिवारातील, एकाच पावसाची वाट पाहणारी, कापसाच्या एकाच भावाने हवालदिल होणारी ही माणसे दोन मांडवांत विभागली गेली, आणि दोन्ही मांडवांचे तोंड मुंबईकडे होते, परस्परांकडे नव्हते. एका जातीच्या बळावर निवडणूक लढविता येत नाही, असे जरांगे यांनी माघारीचे कारण सांगितले. हिशेब म्हणून ते बिनचूक होते आणि त्यातील प्रांजळपणाबद्दल मला आदर आहे. परंतु जे कारण त्यांना माघारीचे वाटले, तेच मला लढण्याचे वाटते, कारण मतांची याचना करीत वडीगोद्रीच्या उंबऱ्यावर उभे राहण्याची सक्ती मतपेटीशिवाय दुसरे कोणीही करू शकत नाही.

२३ नोव्हेंबरला निकाल लागले. जिल्ह्यातील पाचही जागा महायुतीकडे गेल्या आणि घनसावंगीत राजेश टोपे यांच्यासारखा जुना, मुरब्बी आमदारही पडला. जरांगे पुन्हा उपोषणाच्या मार्गाने गेले, आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटियर ग्राह्य धरण्याविषयीचा शासन निर्णय त्यांनी पदरात पाडून घेतला. त्याविरुद्धही लागलीच आंदोलने सुरू झाली. सरकारकडून जे मिळवावयाचे ते त्यांनी बाहेर राहूनही पुष्कळ मिळविले. शेजाऱ्याची संमती मात्र शासन निर्णयाने मिळत नाही, आणि ती मागण्याची जी संधी त्या नोव्हेंबरात चालून आली होती, ती त्यांनी दवडली असे माझे मत आहे.