सुदुंबऱ्याची मूठमाती

वाचकहो, तळेगाव स्टेशनवर उतरून चाकणकडची गाडी धरा. इंदोरी मागं पडली की भंडारा डोंगर दिसू लागतो. तुकोबा एकांतासाठी जिथं जाऊन बसत, तोच हा डोंगर. तिथून थोडं पुढं, सुधा नदीच्या काठी, मावळ तालुक्यात आमचं सुदुंबरे आहे. रस्त्यावर आता मालगाड्यांची एवढी रांग असते की नवखा पाहुणा विचारतो, "इथं गाव कुठलं?" त्याला सांगावं लागतं, बाबा, जरा आत ये.

आत आलात की आधी समाधीला जा. ही संताजी जगनाडे महाराजांची समाधी. जन्म चाकणचा, १६२४ सालचा. धंदा तेलाच्या घाण्याचा. आईकडून ते सुदुंबऱ्याचे, म्हणजे हे त्यांचं आजोळ, असं आमच्याकडं सांगतात. घाणा हाकणारा हा माणूस तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत उभा राहिला, आणि नुसता टाळ वाजवून थांबला नाही, तर अभंग लिहून घेत राहिला. पुढं विसाव्या शतकात वि. ल. भावे यांनी जगनाडे घराण्यातल्या वह्यांवरून तुकोबांचा गाथा छापला. २००९ साली टपाल खात्यानं संताजींचं तिकीट काढलं. तुमच्या घरी गाथा असेल तर त्यात आमच्या आजोळकराचे कष्ट आहेत, एवढं ध्यानात असू द्या!

पण गावाला जास्त प्रिय आहे ती मूठमातीची गोष्ट. तुकोबांनी संताजींना शब्द दिला होता, तुझ्या शेवटाला मी माती द्यायला येईन. तुकोबा तर १६५० साली आधीच गेले. पुढं बऱ्याच वर्षांनी संताजींनी देह ठेवला. लोकांनी माती टाकली, पण चेहरा काही झाकेना. शेवटी तुकोबा वैकुंठाहून आले, तीन मुठी माती टाकली, तेव्हा चेहरा झाकला गेला. कुणी म्हणेल, ही दंतकथा. असू दे. एक वाणी, एक तेली. ना भावकी, ना सोयरीक. तरी शेवटच्या मातीला येण्याचा शब्द द्यावा आणि तो पाळावा, ही गोष्ट ज्या गावानं तीनशे वर्षं सांभाळली, त्या गावात शेजाऱ्याला काय मोल असेल ते तुम्हीच ठरवा.

आमच्या आळीत भांडणं नाहीत असं समजू नका. बांधाच्या वितभर जागेवरून दोन घरं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. सांडपाण्यावरून तर रोजचं रामायण. पण कुणाच्या घरी मयत झालं की ती बोलत नसलेली माणसंही दारात येतात. त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या बाया टोपल्यात भाकरी आणि पातेल्यात पिठलं घेऊन येतात, आणि घरच्यांना बळं दोन घास खायला लावतात. आमंत्रण नाही, सांगावा नाही. तुमच्याही गावात हे असंच असेल.

आता खरा प्रश्न पुढंच आहे. चाकणला कारखाने आले तशा आमच्याकडं भाड्याच्या खोल्या वाढल्या. कुणी लातूरचा, कुणी बीडचा, कुणी पार बिहारचा. माणसं रात्रपाळी करून येतात, दिवसा झोपतात. ओट्यावर कुणी बसत नाही. पूर्वी विरजण मागायला पोर पाठवत, आता पिशवीचं दही येतं. पैसा आला, घरं पक्की झाली, आणि घराभोवती भिंतीही आल्या. पैसा वाईट असं मी म्हणणार नाही. पत्र्यातून गळणारं पाणी ज्यानं रात्रभर पातेल्यात झेललंय, तो असं म्हणत नाही.

काही वर्षांमागं असाच एक लातूरकडचा भाडेकरू पहाटे छातीत कळ येऊन गेला. घरात बायको आणि दोन लहान लेकरं. गावाकडची माणसं दुपारशिवाय पोचणार नव्हती. आळीतलं एक जण म्हणालंच, "भाडेकरू तो, आपण कशाला मध्ये पडायचं?" त्यावर कोपऱ्यावरच्या म्हातारीनं पदर खोचला आणि म्हणाली, "संताजीबुवाच्या मातीला देव लांबून आला. तुला चार दारं ओलांडायला जड जातंय व्हय?" ती स्वतः त्या बाईजवळ जाऊन बसली. मग कुणी लेकरं उचलून नेली, कुणी भाकरी टाकल्या. शववाहिनीचं भाडं वर्गणीतून निघालं, आणि "मध्ये कशाला पडायचं" म्हणणारा गडीच गाडीत बसून पार लातूरपर्यंत गेला. तो अजून हे सांगत नाही, दुसरे सांगतात.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियनही सुदुंबऱ्यातच आहे. कुठं पूर आला, दरड कोसळली की जवानांच्या गाड्या निघतात. कुठल्या अनोळखी घरासाठी निघाल्या असतील, असं म्हणत आमच्या बाया हात जोडतात.

तुम्हाला यायचंच असेल तर मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला या. संताजी महाराजांची पुण्यतिथी असते, महाराष्ट्रभरातून तेली समाजाची माणसं येतात. खोल्यांत राहणारी मंडळीही दर्शनाच्या रांगेत असतात. रात्री थंडी चांगलीच पडते, तेव्हा घोंगडी बरोबर ठेवा. आणि विसरलातच, तर कुठल्याही दारात हाक मारा.