जखमीला हात लावायला भीती कशाची?

घाटात अपघात झाला की टीव्हीवर येण्याआधी ती बातमी खोपोलीत पोचलेली असते. १५ एप्रिल २०२३च्या पहाटे जुन्या बोरघाटात, शिंग्रोबा मंदिराजवळ, एक बस दरीत कोसळली. पिंपळे गुरवला आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात वाजवून गोरेगावला परतणारं झांजपथक त्या बसमध्ये होतं. १३ जण गेले, बहुतेक कोवळी पोरं. अंधारात दोर लावून दरीत उतरणाऱ्यांत पोलिसांबरोबर खोपोली परिसरातले स्वयंसेवक आणि गिर्यारोहकही होते. आपली कामं बाजूला टाकून धावणारी ही साधी माणसं आहेत. खालापूर तालुक्याची ही मोठी कमाई आहे, असं मी मानतो.

दुसरं कामही झालं आहे. सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी मिळून द्रुतगती मार्गावरच्या धोक्याच्या जागा शोधल्या, कठडे बसवले, वेगावर लक्ष ठेवलं. २०१६ मध्ये या मार्गावर १५१ माणसं दगावली होती. २०१९ मध्ये ९२ आणि २०२० मध्ये ६६. शेवटच्या आकड्यात लॉकडाऊनचा वाटा आहे, पण उतार आधीपासूनच होता.

मात्र द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. आपली पोरं बाईक चालवतात ती जुन्या महामार्गावर, पेण आणि कर्जतच्या रस्त्यांवर. कुणी कारखान्याच्या पाळीला निघालेला असतो, तर रमजानमध्ये कुणी मगरिबच्या अजानआधी घर गाठायला सुसाट सुटलेला. डोक्यावर टोपी असते, हेल्मेट नसतं.

पोरगा पडला की मग काय होतं? लोक जमतात, मोबाइल निघतात, पण हात पुढे येत नाहीत. जुम्म्यानंतर काही तरुणांशी या विषयावर बोलत होतो. एक जण म्हणाला, "चाचा, उचलायला काही नाही हो. पण पोलीस पहिलं आमचंच नाव विचारणार. नाव ऐकलं की पुढचे प्रश्न वाढतात." बाकीचे हसले, पण नाही कुणीच म्हणालं नाही. ही भीती सगळ्याच गरिबांना असते. मुसलमान पोराला ती जरा जास्त असते, हे लपवून काय उपयोग?

म्हणूनच कायदा काय म्हणतो ते मोहल्ल्यात पोचायला हवं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. २०१९च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ म्हणून आलं आणि २०२०मध्ये त्याचे नियम झाले. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर नाव, पत्ता सांगायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हेही तोच ठरवणार. आणि त्याला धर्म, जात, राष्ट्रीयत्व, लिंग यांवरून भेद न करता सन्मानाने वागवावं, असं नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. हे हक्क सांगणारी पाटी प्रत्येक दवाखान्याच्या दर्शनी भागात स्थानिक भाषेतही हवी. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात तर ती शोधा. नसेल तर मागा.

वाटेतला काटा-दगड बाजूला करणं हा ईमानचा भाग आहे, हे आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. तर मग वाटेत पडलेल्या माणसाचं काय? मौलानांनी जुम्म्याच्या बयानात पाच मिनिटं यावर बोलावं: हेल्मेट घाला, टोपी खिशात ठेवा, इफ्तार रस्त्यात खजुरावर झाली तरी रोजा उघडतो, जखमी दिसला तर १०८ फिरवा आणि तिथून हलू नका. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांखाली या कायद्याच्या चार ओळी मराठीत आणि उर्दूत लिहाव्यात. आणि घाटात उतरणाऱ्या त्या स्वयंसेवकांना एकदा मोहल्ल्यात बोलवावं, प्रथमोपचार शिकायला. त्यांच्या पुढच्या फेरीत आपलीही दोन-चार पोरं असली, तर नाव विचारल्यावर ती बिचकणार नाहीत.