किल्टची पिन

स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशांतील पुरुषांचा पोशाख जो किल्ट, तो आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं चित्रांत पाहिला असेल. वर्गांत तें चित्र निघालें कीं मुलें खुदखुदतात व 'बाई, हा परकर का हो?' म्हणून विचारतात. आम्हां लुगड्यांत वाढलेल्या बायकांस मात्र त्यांत हंसण्यासारखें थोडें व ओळखीचें अधिक दिसतें. पुरत्या किल्टास आठ वार लोंकरी कापड लागतें. आमच्या आजीच्या लुगड्यास नऊ वार लागे. मागें निऱ्या असतात, त्या शिवून पक्क्या केलेल्या. पुढें दोन सपाट पदर एकावर एक येतात व कमरेशीं चामड्याच्या पट्ट्यांनीं आवळले जातात. वरच्या पदराची उजवी कड मात्र मोकळीच असते. तिच्या खालच्या कोपऱ्याजवळ एक मोठी पिन लाविलेली दिसते, तिच्याविषयींच येथें लिहावयाचें आहे.

पुष्कळांची समजूत अशी कीं, वाऱ्यानें पदर उडूं नये म्हणून ही पिन दोन्ही पदरांतून आरपार घालितात. तसें करणें म्हणजे कापडाचा घात करणें होय. मनुष्य चालूं किंवा बसूं लागला कीं वरचा पदर एकीकडे सरकतो व खालचा दुसरीकडे. दोहोंस एके ठिकाणीं खिळून टाकलें तर सगळी ओढ पिनेवर येते व लोंकर फाटते. म्हणून ती वरच्या पदरासच लावावयाची. आपल्या वजनानें पदर खालीं ठेवावा व शोभा द्यावी, एवढेंच तिचें काम. राणी व्हिक्टोरियानें सोसाट्याच्या वाऱ्यांत एका शिपायाच्या किल्टास स्वतःची पिन लाविली, अशी गोष्ट तिकडे सांगतात; आम्ही ती गोष्ट म्हणूनच ऐकतों. परंतु तिच्याच कारकीर्दींत, १८४९ सालीं, न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट नांवाच्या कारागिरानें तारेस वेटोळें देऊन टोंकासाठीं टोपण केलेली पिन काढली, हें खरें. तिचे हक्क त्यानें अवघ्या ४०० डॉलरांस विकले! वेटोळ्याच्या ताणानें टोंक टोपणांत दाबून राहतें, हीच त्यांतील युक्ति. किल्टच्या शोभिवंत पिनांस बहुधा हें वेटोळें नसतें. एका बाजूस बिजागरी व दुसऱ्या बाजूस आंकडा असतो. बिजागरी ढिली झाली व आंकडा झिजला म्हणजे पिन केव्हां गळून पडेल ह्याचा नेम नाहीं.

२०१९ सालीं इन्व्हर्नेस येथें आमच्या भाच्याचें लग्न झालें, तेव्हां अशाच एका पिनेशीं आमची गांठ पडली. ज्या कलोडनच्या माळावर १७४६ सालीं डोंगरी लोकांचा मोड झाला, तो माळ तेथून जवळच. त्या पराभवानंतर पार्लमेंटानें कायदा करून सैन्याबाहेरील पुरुषांस व मुलांस हा पोशाख वर्ज्य केला, तो थेट १७८२ पर्यंत. तिकडच्या लोकांचा किल्टविषयींचा जिव्हाळा उगाच नव्हे.

वधूचे वडील, म्हणजे आमचे व्याही, ह्यांच्याजवळ रुप्याची तलवारीच्या आकाराची पिन होती. ती त्यांच्या दिवंगत वडिलांची, किल्टहि वडिलांचाच. व्याह्यांच्या मातोश्री नव्वदीच्या घरांत होत्या. दृष्टि अधू, वस्तु हातानें चांचपून ओळखीत. लेकाच्या अंगावर आपल्या यजमानांची पिन असावी, एवढीच त्यांची इच्छा. आणि व्याही तर ती डबींतच ठेवावयास निघालेले! लग्नानंतर नाच, आणि नाचांत पडलेली पिन कोणाच्या टांचेखालीं जाईल हें कोणीं सांगावें? त्यांचे धाकटे बंधु म्हणाले, 'दोन्ही पदरांतून घाल, म्हणजे झालें.' आम्हांस राहवेना. स्नेहसंमेलनाच्या दिवशीं रंगपटांतील पिनांचा डबा वीस वर्षें आमच्याच ताब्यांत आहे. 'द्या पाहूं ती इकडे,' आम्ही म्हणालों.

चष्मा लावून पाहिलें. आंकडा खालच्या अंगास असता तर अर्धें काम झालें असतें. कारण टोंक खालीं असलें म्हणजे आंकडा सुटला तरी पिन कापडांत लोंबकळत राहते. येथें आंकडा वर, आणि वडिलांची तलवार उलटी लावणें कोणासच रुचलें नसतें. तेव्हां पिन पदरांतून एकदां न घालतां दोनदां घातली. आंत, बाहेर, पुन्हां आंत, बाहेर. त्यामुळें विणीची पकड वाढते. मग पर्समधील खोडरबराचा वाटाण्याएवढा तुकडा कापून तो बाहेर आलेल्या टोंकावरून कापडापर्यंत सरकविला, व नंतर टोंक आंकड्यांत बसविलें. पैठणीस पिन लावतांना आधीं तींत एक मणी ओंवितात, म्हणजे वेटोळ्यांत जर अडकत नाहीं. ही युक्ति त्याच जातीची. शेवटीं हिरव्या रेशमी दोऱ्याचे चार टांके घालून तलवारीची मूठ वरच्या पदरास जखडली. सुई खालच्या पदरास लागूं नये म्हणून मधें एक पोस्टकार्ड धरलें होतें.

संध्याकाळीं 'स्ट्रिप द विलो' नांवाचा नाच झाला. त्यांत दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, आणि एक जोडपें रांगेंतील एकेकाच्या बाहूंत बाहू अडकवून गरगर फिरत खालपर्यंत जातें. व्याह्यांचें वय साठीच्या पलीकडचें, पण ते भोंवऱ्यासारखे फिरले. आमचें लक्ष कोठें होतें हें सांगावयास नकोच. धापा टाकीत ते आईजवळ येऊन बसले, तेव्हां मातोश्रींनीं पदराचा कोपरा हातीं घेऊन मुठीपासून टोंकापर्यंत बोट फिरविलें. टांके बोटास लागले, ते पुन्हां एकदां चांचपले, आणि 'ही शिवण कोणाची?' म्हणून विचारलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो दोरा आम्हींच उसविला. पिन तशीच ठेवून किल्ट टांगला तर वजनानें भोंकें मोठीं होतात. पिन पुढें सोनाराकडे गेली व नवा आंकडा लागला. रबराचा तुकडा मात्र व्याह्यांनीं मागून घेतला आहे. नाच असेल त्या दिवशीं तोहि लावावयाचा, असें त्यांनीं ठरविलें आहे.