आजीच्या जागेवरून ऐका!

मुलांनो, 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला अन् पडद्यावरची माणसं मराठीत बोलू लागली. बोलणं त्यांच्या तोंडूनच आल्यासारखं वाटलं, तर खरी गंमत! टीव्हीच्या दोन बाजूंना दोनच स्पीकर असले, तर मधोमध बसणाऱ्याला तसं वाटतं. कडेला बसणाऱ्याला मात्र आवाज जवळच्या स्पीकरमधून येतो. म्हणून होम थिएटरमध्ये संवादांसाठी मधला स्पीकर असतो.

इंद्रलोकातल्या आमच्या छोट्या घरात मधली जागा पोरं पटकावतात. आजी कडेच्या कॉटवर. विनोद झाला, की विचारणार, “काय म्हणाला गं?”

वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातंय ना, हे मी आधी बघते. दुकानातही तेच केलं. कडेला बसून ऐकलं, कारण काही आडव्या स्पीकरांचे शब्द कडेला पुसट होतात. धडामधुडूम नको, साधं बोलणं लावायला सांगितलं. बाजूच्या स्पीकरांशी आवाज जुळणारा निवडला. घरी टीव्हीखाली ठेवून त्याचं तोंड किंचित वर केलं.

आता आजी आमच्याबरोबरच हसते. तुमच्या घरी कडेला कोण बसतं? निवडताना त्यांचे कान आधी आठवा हं!