नामपूर ते जनकपूर

मोसम खोऱ्यात लांबच्या प्रवासाची तारीख कांद्याच्या चाळीवरून ठरते. मार्च-एप्रिलात काढलेला उन्हाळ कांदा चाळीत पडतो, पावसाळाभर थोडा थोडा करून नामपूरच्या लिलावात जातो आणि दिवाळीच्या आगेमागे चाळ रिकामी होते. तोवर पुढच्या कांद्याचं रोप टाकून झालेलं असतं, पण लागवडीला डिसेंबर उजाडतो. हातात चार पैसे आणि रानात काम कमी, असे दिवस वर्षात तेवढेच. नेपाळचा प्रवास आम्ही त्या दिवसांत बसवला.

तिथेही अडचणी होत्याच. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठपूजा येते. तिच्याआधी मुंबईहून उत्तर प्रदेश-बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि छठ झाल्यावर तीच गर्दी उलट दिशेने परतते. मग तुळशीचं लग्न, त्यानंतर गावोगावची लग्नसराई, आणि मार्गशीर्षात सटाण्याला देव मामलेदारांची यात्रा. या सगळ्यातून वाट काढत कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावर निघायचं आणि यात्रेच्या आत परतायचं ठरलं. आता रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ऐन पितृपक्ष-नवरात्राच्या सुमारासच जायची-यायची तिकिटं हातात हवी होती.

आमच्या भागातून नेपाळला जाणाऱ्या यात्रा-बसेस बहुतेक एकाच साच्याच्या असतात. चित्रकूट, प्रयाग, काशी, अयोध्या, मग नेपाळ, आणि पुन्हा त्याच रस्त्याने घरी. रोज नवं गाव, पहाटे चारला उठणं, रात्री अकराला खोली. सासूबाईंनी सत्तरी ओलांडलेली. माणसाला देव दिसावा आणि गुडघेही शाबूत राहावेत, असा प्रवास मला हवा होता. म्हणून मी प्रत्येकाला एकच विचारलं: बाकी सगळं सुटलं तरी चालेल, पण अमुक पाहिलंच पाहिजे, असं तुमचं ठिकाण कोणतं?

नणंदेने मुक्तिनाथ सांगितलं. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी लुंबिनी, त्यांच्या पत्नीने पशुपतिनाथ. आमच्या घरी श्रावणात नवनाथांची पोथी लागते, त्यामुळे यजमानांना गोरखपूर हवं होतं. सासूबाई बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘माले सीतामायनं माहेर देखनं शे.’’

जनकपूर यात्रा-बसवाल्यांच्या वाटेत येत नाही. ते नेपाळच्या तराईत, काठमांडूच्या आग्नेयेला, बिहारच्या सीमेला लागून आहे. सोनौलीच्या सीमेने आत जाऊन सोनौलीनेच बाहेर पडणाऱ्याला ते आडवळण. पण नकाशा पसरून बसले तेव्हा या आडगावानेच आमच्या प्रवासाला आकार दिला. जनकपूरहून बिहारमधल्या जयनगरपर्यंत रेल्वे आहे, आणि जयनगरहून मुंबईकडे येणारी पवन एक्सप्रेस मनमाडवरून जाते. म्हणजे जाताना मनमाडहून काशी एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून सोनौली, लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू, जनकपूर, आणि जयनगरहून थेट मनमाड. पोखरा-मुक्तिनाथचा फाटा सोडला तर एकही रस्ता दोनदा तुडवायचा नाही. अयोध्या आणि चितवनचं जंगल गाळलं. काशी सासूबाईंनी सासऱ्यांसोबत केलेली होती. गाळलं म्हणून तर प्रत्येक मोठ्या ठिकाणी किमान दोन मुक्काम मिळाले, आणि शेवटी एक दिवस पूर्ण मोकळा ठेवता आला. डोंगरी रस्त्याच्या प्रवासात असा बिननावाचा दिवस हवाच. दरड कोसळली तर तो कामी येतो.

नेपाळात अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही, तास विचारावेत. पोखरा ते काठमांडू सुमारे दोनशे किलोमीटर, म्हणजे नामपूरहून नाशिकला जाऊन परत येण्याएवढं. पण रुंदीकरणाची कामं चालू असली की त्यात अख्खा दिवस जातो. वहीत मी सगळे टप्पे तासांतच लिहिले, आणि एका दिवसात आठ तासांपेक्षा जास्त गाडी नको अशी रेघ मारली.

१९५० च्या मैत्री करारापासून भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र पुरतं. गावात सगळ्यांचा भरवसा आधारवर असतो, म्हणून मतदानाची कार्डं आधी शोधून काढायला लावली. पैशाचं गणित सोपं आहे. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर कायम आहे. नेपाळ सरकारने २०१८ च्या डिसेंबरात शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, म्हणून सावधगिरीने बँकेतून शंभराचीच बंडलं घेतली. २०२४ पासून तिथल्या दुकानांत आपलं यूपीआय चालू लागलं आहे, पण डोंगरात रोकडच खरी.

गोरखपूरला उतरल्यावर गोरखनाथांच्या मठात गेलो. इथलं नातं नाशिककराला समजावून सांगावं लागत नाही. गोरक्षनाथांचे शिष्य गहिनीनाथ, त्यांनी ब्रह्मगिरीवर निवृत्तिनाथांना अनुग्रह दिला, आणि निवृत्तिनाथांकडून तो ज्ञानदेवांकडे आला. सीमेपलीकडे हेच नाथ पुन्हा भेटतात. ज्या गोरखा गावातून निघून पृथ्वीनारायण शाहांनी नेपाळ एक केला, त्या गावाचं नावही गोरखनाथांवरूनच पडल्याचं सांगतात. यजमानांनी मठातला अंगारा कागदात बांधून घेतला आणि तो पुढे काठमांडूच्या खोऱ्यापर्यंत जपून नेला.

सोनौलीची सीमा म्हणजे बाजारपेठेच्या मधोमध उभी असलेली कमान. चालत गेलं की आपण नेपाळात. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं, एवढाच काय तो फरक. पाट्या देवनागरीत, त्यामुळे सासूबाई मोठ्याने वाचत चालल्या. दुकानातल्या दिनदर्शिकेवर विक्रम संवत पाहून त्या थबकल्या. आपल्याकडे दिवाळी पाडव्याला व्यापारी ज्या संवताने वही-पूजन करतात, तेच इथे सरकारी कामकाजाचं वर्ष.

लुंबिनीत मायादेवी मंदिराशेजारी अशोकाचा स्तंभ आहे. बुद्धाचा जन्म जिथे झाला त्या जागी आपण येऊन पूजा केली आणि या गावाचा ‘बळी’ हा कर माफ करून शेतसारा आठव्या हिश्श्यावर आणला, असं सम्राटाने त्यावर ब्राह्मीत कोरून ठेवलं आहे. गुरुजींनी आयुष्यभर हा लेख मुलांना शिकवला होता. तिथे उभं राहून त्यांनी तो आम्हाला शेतकऱ्यांच्या भाषेत सांगितला. एवढ्या मोठ्या राजाला बुद्धाच्या जन्मभूमीला द्यावंसं वाटलेलं देणं म्हणजे साऱ्यातली सूट होती. बावीसशे वर्षांपूर्वीचा तो दगड मला त्या क्षणी फार जवळचा वाटला.

तिथून पोखरा. सिद्धार्थ राजमार्ग बुटवलच्या पुढे डोंगरात शिरतो आणि दिवसभर वळत राहतो. संध्याकाळी उशिरा पोहोचलो तेव्हा काहीच दिसलं नाही. पहाटे खोलीच्या गच्चीवर गेलो आणि समोर माछापुच्छ्रे शिखर उभं. त्याचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि त्या सकाळी कुणी बोललंही नाही.

मुक्तिनाथचा विचार मात्र मी नामपुरातच सर्वांत जास्त केला होता. महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला साल्हेर आमच्याच तालुक्यात आहे, उंची १,५६७ मीटर. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर. पोखऱ्याहून जोमसोमला छोटं विमान जातं, तेही सकाळीच, कारण दिवस वर आला की काली गंडकीच्या घळईत वारा सुटतो. विमानाने वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येतं, पण माणूस नऊशे मीटरवरून एकदम सत्तावीसशे मीटरवर जातो. वयस्कर शरीराला हे झेपेलच असं नाही. म्हणून जीप घेतली, वाटेत तातोपानीला मुक्काम केला, तिथल्या गरम झऱ्यात पाय शेकले आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू चढलो. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून प्रत्येकाची सीमा ठरवून घेतली होती. सासूबाईंची सीमा कागबेनी.

तातोपानीच्या वर हिरवाई सरते आणि डोंगर राखाडी, कोरडे होत जातात. मार्फा गावात मात्र सफरचंदाच्या बागा आणि पांढऱ्या चुन्याने रंगवलेली घरं. गच्च्यांवर सफरचंदाच्या चकत्या वाळत घातलेल्या. यजमान डाळिंबवाले, त्यामुळे ते आणि एक बागवान छाटणी, थंडी आणि भाव यांवर मोडक्यातोडक्या हिंदीत तासभर बोलत बसले. रस्ता होण्याआधी इथला माल खेचरांच्या पाठीवर खाली जायचा, हे ऐकून त्यांनी हात जोडले.

कागबेनीला काली गंडकीच्या काठी लोक पितरांचं श्राद्ध करतात. सासूबाईंनी तिथे सासऱ्यांच्या नावाने पिंड ठेवले. पाण्यात हात घातला की बोटं बधिर होत होती, तरी त्यांनी घाई केली नाही. याच नदीच्या पात्रात शाळिग्राम सापडतात. हिमालय उभा राहण्याआधी इथे समुद्र होता, त्यातल्या शंखधारी प्राण्यांचे हे जीवाश्म. नामपुरात आमच्या तुळशीचं लग्न नुकतंच ज्याच्याशी लागलं होतं, तो देव या पाण्यातून आला, हे सासूबाईंना फार मोठं वाटलं. त्या तिथेच थांबल्या. वर न जाण्याची त्यांना जराही खंत नव्हती, कारण त्यांचं काम कागबेनीलाच होतं.

आम्ही बाकीचे वर गेलो. मुक्तिनाथला मंदिरामागच्या भिंतीत १०८ धारा आहेत. बर्फाचं पाणी. नणंद त्या सगळ्यांखालून गेली आणि पुढच्या कुंडांतही उतरली. मी काही धारांवर हात धरून डोक्याला लावला. मूर्ती विष्णूची, आणि तिची सेवा बौद्ध भिक्षुणीही करतात. बाजूच्या ज्वालामाईच्या मंदिरात जमिनीतून येणाऱ्या वायूची निळसर ज्योत पाण्याजवळ तेवते. हिंदू आणि बौद्ध एकाच अंगणात आपापल्या रीतीने नमस्कार करताना पाहिले. कुणी कुणाला अडवत नव्हतं.

काठमांडूबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पशुपतिनाथाला गुरुजींच्या पत्नींनी रुद्राभिषेक केला. मुख्य पुजारी दक्षिण भारतातले भट्ट असतात, ही परंपरा जुनी. २०१५ च्या भूकंपाच्या खुणा अजून दिसतात, पण काठमांडूजवळच्या पाटणच्या चौकात बरंचसं पुन्हा उभं राहिलं आहे. पाटणला मला जे सापडलं ते सांगायला हवं. रातो मच्छिंद्रनाथ, म्हणजे पोथीतले मच्छिंद्रनाथच, या खोऱ्यात पावसाचे देव आहेत. गोरखनाथ नागांना आसनाखाली दाबून बसले आणि बारा वर्षं दुष्काळ पडला. मग लोकांनी मच्छिंद्रनाथांना कामरूपाहून आणलं. गुरूला वंदन करायला गोरखनाथ उठले, नाग सुटले आणि पाऊस आला. दरवर्षी पावसाळ्याआधी त्यांचा उंच रथ ओढतात. आमच्याकडे जून कोरडा गेला की हरणबारी धरणाकडे डोळे लावून बसणारी माणसं आहेत. यजमानांनी जपून आणलेला गोरखपूरचा अंगारा मच्छिंद्रनाथांच्या पायरीला लावला.

काठमांडूहून जनकपूरला बी. पी. राजमार्गाने जातात. जपानच्या मदतीने बांधलेला हा रस्ता २०२४ च्या सप्टेंबरातल्या पुराने ठिकठिकाणी वाहून गेला, म्हणून पहाटे निघालो आणि मोकळा दिवस हाताशी ठेवला. तो लागला नाही. सिंधुलीचे घाट उतरून तराईत आलो तेव्हा भाताची काढणी चालू होती आणि बायका मैथिलीत बोलत होत्या.

जानकी मंदिर टिकमगडच्या राणी वृषभानू यांनी बांधवलं. १९११ च्या सुमाराचं हे काम. नऊ लाख खर्च आला म्हणून लोक त्याला नौलखा म्हणतात. पांढरंशुभ्र, महालासारखं. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला इथे राम-सीतेचं लग्न लागतं आणि अयोध्येहून वऱ्हाड येतं. त्या गर्दीत खोली मिळत नाही, म्हणून आम्ही त्याच्या आधीचे दिवस धरले होते. मांडव उभे राहत होते, झालर लागत होती.

सासूबाईंनी नामपूरहून खण-नारळ आणला होता. पिशवीच्या तळाशी, कुणालाही न सांगता. गाभाऱ्यासमोर त्यांनी तो ठेवला तेव्हा शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने हिंदीत विचारलं, कुठून आलात? सासूबाईंना नामपूर, सटाणा सांगून उपयोग नाही हे कळत होतं. त्या म्हणाल्या, ‘‘पंचवटी.’’ त्या बाईने त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. नाशिकची सीतागुंफा, काळाराम, गोदावरी, सगळं ती विचारत राहिली. मग तिने सांगितलं की विवाहपंचमीला आम्ही देवीचं लग्न लावतो, पण मिथिलेत कितीतरी घरं त्या तिथीला आपल्या लेकीचं लग्न ठरवत नाहीत. सीतेच्या वाट्याला जे आलं ते आपल्या लेकीच्या वाट्याला नको. सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडून तिला उचलून नेलं, म्हणून मला यायचं होतं.

मोकळा दिवस तिथेच दिला. सासूबाई सकाळ-संध्याकाळ मंदिराच्या अंगणात त्या बाईबरोबर बसल्या. एक अहिराणी, एक मैथिली.

जनकपूरहून जयनगरची रेल्वे २०२२ च्या एप्रिलात रुंद मार्गावर पुन्हा सुरू झाली. त्याआधी १९३७ पासूनची छोटी गाडी होती. जयनगरला ओळखपत्रं दाखवली, घड्याळं पंधरा मिनिटं मागे घेतली आणि पवन एक्सप्रेसमध्ये बसलो. डबा दरभंगा-मधुबनीकडच्या मंडळींनी भरलेला. समोरच्या बाकावर नवं लग्न झालेली एक मुलगी होती. नवरा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कामाला, ती पहिल्यांदाच तिकडे निघालेली. सासूबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. नाशिकरोडला उतरल्यावर शहरात कसं जायचं, पंचवटीला काळारामाच्या मंदिराजवळ सीतागुंफा कुठे, थंडी किती पडते, भाजी कुठे स्वस्त मिळते, हे सगळं मनमाड येईपर्यंत त्या तिला सांगत होत्या.