भिंतीकडची जागा

आमच्या घरात लहान मुलाला भिंतीकडे झोपवत नाहीत. बाकी सगळीकडे उलटं असतं. मूल लोळून खाली पडू नये म्हणून ते आई आणि भिंत यांच्या मध्ये. आमच्याकडे भिंतीपासून हातभर अंतर सोडायचं, मग मोठी माणसं आणि पोरं दाराच्या बाजूला. जगात असंच झोपतात असं मला हॉस्टेलला जाईपर्यंत वाटायचं. पहिल्याच रात्री मी कॉट ओढून खोलीच्या मध्यात आणली, तर रूममेट म्हणाला, "पाल आहे का रे तिकडे?"

मी पाटण तालुक्यातला. कोयना धरणाच्या बाजूचा, असं सांगितलं की पुण्यात लोकांचे डोळे चमकतात. "वा, काय निसर्ग आहे!" आहेच. पण आमच्या घरातल्या ट्रंकेत दोन कागद आहेत. एक प्रकल्पग्रस्ताचा दाखला, दुसरा भूकंपग्रस्ताचा. सरकारी भरतीत पहिल्याला ५ टक्के समांतर आरक्षण, दुसऱ्याला २ टक्के. घराण्याचा इतिहास म्हणून आमच्याकडे एवढंच आहे, आणि तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत.

पहिला कागद आजीच्या सासरच्या गावाचा. ते गाव आता शिवाजीसागर जलाशयाखाली आहे. महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा आला १९७६ साली, आमची माणसं उठली त्याच्या दीड दशक आधी. दूरच्या जिल्ह्यात जमीन घ्यायला आजोबा तयार झाले नाहीत. डोंगर सोडून काय करायचं, म्हणाले. मिळाले ते पैसे घेऊन वरच्या अंगाला, नातेवाइकांच्या गावात आले आणि घर बांधलं.

या घराबद्दल मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण त्यातली महत्त्वाची गोष्ट मला गेल्या वर्षी कळली. जुन्या गावात कुडाचं घर होतं. कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचा गिलावा. नव्या गावात आजोबांनी दगडी भिंती घातल्या. मातीत बसवलेले दगड, दीड-दोन हात जाड. नुकसानभरपाईचे पैसे पहिल्यांदाच एकरकमी हातात आले होते आणि दगडी घर म्हणजे माणूस वर आल्याची खूण. आजी सांगते, सारवताना भिंतीवरून हात फिरवून बघायची ती.

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. बाबा दीड वर्षांचे होते, आजीच्या कुशीत. थोरली आत्या चार वर्षांची, थंडी म्हणून भिंतीकडे, वाऱ्यापासून आडोशाला.

त्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली. मुंबई-पुण्याच्या माणसांचीही झोप मोडली. कोयनानगरची बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या वरच्या भागात भेगा पडल्या, मग ते मजबूत करण्यात आलं. तोवर दख्खनचा हा कातळ स्थिर मानला जायचा. त्यानंतर देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशाच बदलला आणि कोयना परिसर चौथ्या क्षेत्रात गेला. धरणात पाणी साठायला लागल्यापासून लहान धक्के सुरू झालेच होते, ते आजही थांबलेले नाहीत. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचं उदाहरण म्हणून कोयनेचं नाव जगभरच्या संशोधनात येतं. हर्ष गुप्तांसारख्या शास्त्रज्ञांनी आयुष्यातली कित्येक वर्षं त्याला दिली. गोठणे इथे तर कातळात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून पाहिलं गेलं.

'धरणाने भूकंप केला' असं आमच्या गावात सर्रास म्हणतात. शास्त्रज्ञांचं म्हणणं जास्त सावध आहे. खालच्या प्रस्तरभंगात ताण आधीपासूनच साठलेला होता. पाण्याचं वजन आणि खडकाच्या भेगांमध्ये शिरलेल्या पाण्याचा दाब यांनी तो मोकळा व्हायला निमित्त दिलं. मी दिवसभर सॉफ्टवेअरमधले बग शोधतो, त्यामुळे हा फरक मला पटतो. सिस्टीम पडते तेव्हा शेवटचा बदल ज्याने केला त्याच्याकडे सगळे बोट दाखवतात, आणि मूळ दोष कित्येक वर्षांपूर्वीचा निघतो. हे मी एकदा आजीला समजावायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं.

"आरं, त्ये आसंल," ती म्हणाली. "पन कुडाचं घर हाललं आसतं. पडलं आसतं तरी कूडच की. पोरगी धगली आसती."

मी गप्प बसलो. मातीतल्या दगडी भिंती भूकंपात किती वाईट, हे मी नंतर वाचलं. कोयनेतले बरेच बळी अशाच घरांनी घेतले. म्हणजे आत्याचा जीव ज्या भिंतीने घेतला ती नुकसानभरपाईच्या पैशांची होती. हे कुठल्याच दाखल्यावर नाही. भूकंपग्रस्ताच्या कागदावर घर पडल्याची नोंद आहे. आत्याचं नाव नाही.

आता प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याचं. तो कुटुंबातल्या एकाच माणसाच्या नावावर असतो. बाबांनी मी बारावीत असतानाच माझं नाव लावलं. पुढे मला पुण्यात नोकरी लागली, हिंजवडीत चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दाखला तसाच. काकाची मुलगी चार वर्षं तलाठी भरतीची तयारी करत होती, कराडच्या एका अभ्यासिकेत, दोन डब्यांवर दिवस काढत. तिने कधी मागितला नाही. काकाने एकदा, जेवताना, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरची गोष्ट म्हणून विषय काढला होता. मी भात कालवत राहिलो.

कारण सांगायला लाज वाटते. आमच्या कंपनीत कपात झाली त्या वर्षी मी त्या दाखल्याचा फोटो काढून फोनमध्ये जपून ठेवला होता. बॅकअप म्हणून. माझा पगार काकाच्या वर्षभराच्या उत्पन्नाइतका, आणि तरी मला वाटत होतं की बुडालेल्या गावावर माझाही हक्क आहे. हक्क होताच, त्यात खोटं काही नव्हतं.

कोयनेत धक्का बसला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच शब्द येतो, "जाणवला?" पाठोपाठ कुणीतरी बातमीची लिंक टाकतं. तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं : धरणाला कोणताही धोका नाही. काका दर वेळी खाली लिहितो, 'आम्हीपण बरे आहोत.' गेल्या पावसाळ्यानंतरच्या अशाच एका धक्क्याला त्याने काहीच लिहिलं नाही. मला रात्रभर झोप आली नाही, आणि ते धक्क्यामुळे नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी रजा टाकून गावी गेलो. नाव बदलायचं म्हणजे प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची संमती, अर्ज, चार खेपा. टेबलापलीकडच्या माणसाने विचारलं, "का सोडताय? पुढे भांडण नको." मी म्हटलं, मला लागत नाही. चुलत बहीण शेजारी उभी होती, ती खिडकीबाहेर बघत राहिली. वाटेत चहा प्यायलो, पैसे तिने दिले. निकाल काय लागायचा तो लागेल. ५ टक्क्यांतही गर्दी आहेच, धरणं काय एकच नाही झालं.

रात्री आजीपाशी झोपलो. घर आता सिमेंटचं आहे, पण फळ्यांवर जड काही नाही. लोणच्याच्या बरण्या जमिनीवर, कडी न लावता दार नुसतं लोटलेलं. दिवा मालवल्यावर तिने विचारलं,

"तुज्या पुन्याच्या घराच्या भिती कशाच्या हायत रं?"

"काँक्रीटच्या, आजी. अख्ख्या. भूकंपाचा हिशोब करूनच बांधल्यात."

"मग पलंग भितीला लावलायस?"

"नाही."

"मग झालं," म्हणून तिने कूस बदलली.